व्याह्यांचं इंजिन

डॉक्टर दातांचे होते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे. दातांच्या डॉक्टराला विनोद करायची सवय लागते. पेशंट घाबरलेला असतो, त्याला जरा हसवावं म्हणून डॉक्टर काहीतरी बोलतो. आणि पेशंटच्या तोंडात कापूस, नळी आणि डॉक्टरची दोन बोटं असल्यामुळे विनोद बरा होता की वाईट हे शेवटपर्यंत कळत नाही. आपल्या डॉक्टरांनी अशी अडतीस वर्षं काढली. विनोद ऐकणाऱ्याला काही वाटू शकतं, ही शक्यताच त्यांच्या डोक्यातून निघून गेली होती.

मुलाच्या लग्नात नव्या व्याह्यांशी ओळख झाली. व्याही रेल्वेच्या यार्डात डिझेलचं शंटिंग इंजिन चालवून निवृत्त झालेले. शंटिंगचं काम म्हणजे सुटे डबे इकडून तिकडे ढकलायचे, जोडायचे आणि गाडी तयार करून द्यायची. तयार झालेली गाडी निघते मुलुखभर फिरायला, शंटिंगचं इंजिन राहतं यार्डातच. व्याह्यांनी एकतीस वर्षं एकच इंजिन चालवलं होतं, चौदा नंबरचं. डॉक्टरांनी हे सगळं आस्थेने ऐकून घेतलं आणि पंधरा-वीस माणसांच्या घोळक्यात विचारलं, "म्हणजे एकतीस वर्षांत एकूण गेलात किती लांब?"

माणसं हसली. व्याही हसले नाहीत. त्यांनी हातातली ताटली खाली ठेवली, रुमालाने बोटं एकेक करून पुसली आणि ते दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी डॉक्टरांच्या घरात पाऊल टाकलं नाही.

तसे ते दर रविवारी येत. फाटकापर्यंत. स्कूटर लावून दोनदा हॉर्न वाजवत, की सून खाली धावत जाई. फाटक उघडंच असायचं. ते स्वतः ओढून घेत आणि मग पलीकडे उभे राहून लेकीशी गप्पा मारत. ऊन असलं तर टोपी, पाऊस असला तर छत्री. डॉक्टर वरच्या खिडकीतून पाहत आणि डॉक्टरीणबाई डॉक्टरांकडे पाहत. त्या काही बोलत नसत. छत्तीस वर्षांच्या संसारानंतर बोलायची गरज उरत नाही, नुसतं पाहिलं तरी भागतं.

शेवटी एका सकाळी सुनेनेच विषय काढला. चहाचा कप सासऱ्यांपुढे ठेवत ती म्हणाली, "बाबा, अप्पांना पुढच्या महिन्यात पासष्ट पूर्ण होतायत. मला त्या दिवशी त्यांना इथे, या टेबलावर जेवताना बघायचंय. फाटकावरून डबा द्यायचा कंटाळा आलाय मला."

ती चांगली मुलगी होती, कधी काही मागत नसे.

माफी मागणं हा सरळ मार्ग होता, पण तो डॉक्टरांना जमण्यातला नव्हता. त्यांनी तीनदा फोन उचलला आणि तीनदा, आपण हवामानाचीच चौकशी करणार हे ओळखून, खाली ठेवला. मात्र दुसरी एक गोष्ट त्यांना उत्तम जमत होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी तळमजल्यावरच्या दवाखान्यात रेल्वेच्या इंजिनांची छोटी मॉडेल्स दुरुस्त करायचा आणि रंगवायचा उद्योग सुरू केला होता. सगळं हाताशी होतंच: बारीक ड्रिल, चिमटे, टोकदार सळ्या, दांडीवरचा आरसा, वरून प्रकाश टाकणारा दिवा. दात काढायची खुर्चीही तशीच होती; तिच्यावर आता रंगाचे डबे बसत. व्याह्यांचं चौदा नंबर करून त्यांच्या हातात ठेवायचं, म्हणजे तोंडाने काही बोलावंच लागणार नाही, असा डॉक्टरांनी हिशेब केला.

त्याच जातीचं एक जुनं पितळी मॉडेल त्यांना मिळालं, टाचणीपेटीहून थोडं मोठं. रंग मात्र भलताच, केशरी. फोटो मिळवला मॉडेलवाल्यांच्या मंडळाच्या चिटणीसाकडून. या गृहस्थाकडे स्वतःच्या लग्नाचा एकही फोटो नव्हता, पण इंजिनांचे अकरा हजार होते. त्यात चौदा नंबरचा नेमका एक निघाला, उजव्या बाजूचा, स्वच्छ उन्हातला.

डॉक्टर कामाला लागले. मॉडेलचा सांगाडा चाकांपासून सोडवला, द्रावणात बुडवून दातांच्या ब्रशने केशरी रंग खरवडला, राखाडी अस्तर दिलं. जाडजूड ओतीव कठडे कापून केसाएवढी भोकं पाडली आणि तारेचे नवे कठडे बसवले. फोटोवर भिंग धरून खिळ्यांची डोकी मोजली. एकशे बारा भरली, मॉडेलवर एकशे नऊ होती. उरलेल्या तिघांसाठी त्यांनी एक अख्खा मंगळवार घालवला. मग बाटलीसारखा गडद हिरवा रंग फवारला, दोन्ही टोकांना काळे-पिवळे तिरपे पट्टे ओढले, नंबर चिकटवला, वरून वार्निशचा हात दिला. इंजिन असं दिसू लागलं की डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणाल्या, आता याला हात लावू नका.

इथेच थांबायला हवं होतं. पण मॉडेलवाल्या मंडळींमध्ये कोऱ्या चकचकीत इंजिनाला खेळणं म्हणतात. खरं वाटायचं असेल तर ते मळवावं लागतं. गंज, तेलाचे ओघळ, काजळी, धूळ, सगळं हाताने रंगवावं लागतं. आणि डॉक्टरांचा धंदाही त्यांना हेच सांगत होता. नकली दात खरा वाटायचा तर तो पांढरा असून चालत नाही. त्यांच्याकडे दातांच्या सोळा छटांची पट्टी होती, दुधाळपासून थेट दिवसाला तीन पाकिटं ओढणाऱ्यापर्यंत. तिच्या शेवटच्या चार छटा त्यांनी व्याह्यांच्या इंजिनावर खर्च केल्या. फोटोत होता तेवढा प्रत्येक डाग उतरवला. डिझेलच्या टाकीखालचा ओघळ काढताना तर त्यांनी श्वास रोखून धरला होता. या कामाचं बक्षीस असतं तर ते त्यांना मिळालं असतं.

वाढदिवशी सकाळी व्याही आले. दोन हॉर्न झाले, फाटक ओढलं गेलं. सुनेने विनवण्या करून त्यांना व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आणलं. पायरी चढायला त्यांनी नकार दिला. डॉक्टरांनी खाली येऊन न बोलता खोका पुढे केला. व्याह्यांनी झाकण काढलं.

बराच वेळ ते नुसते बघत राहिले. डॉक्टरांना वाटलं, गहिवरले. मग व्याह्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याचं टोक जिभेला लावलं आणि इंजिनाची बाजू पुसायला घेतली. डाग निघेना, तसे ते आणखी जोरात पुसू लागले.

"हे मळलेलं नाहीये," डॉक्टरांनी खुलासा केला. "मळवलंय. मुद्दाम. चार दिवस लागले."

"मुद्दाम," व्याही म्हणाले.

सून मटकन पायरीवर बसली.

व्याही शांतपणेच बोलले, आणि म्हणून जास्त लागलं. रोज ड्यूटी संपल्यावर अर्धा तास ते चौदा नंबर पुसत असत. त्यासाठी वेगळी फडकी घरून नेत. त्यांच्या हातात असेपर्यंत त्या टाकीतून डिझेलचा थेंब गळला नव्हता. त्यांनी फोटो मागितला. डॉक्टरांनी खिशातून काढून दिला. व्याह्यांनी तो उलटा केला. मागे चिटणीसाच्या सुबक अक्षरात तारीख होती. डॉक्टरांनी खिळे मोजले होते, तारीख वाचली नव्हती.

"मी रिटायर झालो त्याला तेव्हा अडीच वर्षं होऊन गेली होती," व्याही म्हणाले. "भंगाराच्या लायनीत उभं होतं हे. अहो, एखाद्याला त्याच्या बायकोचा फोटो भेट द्यायचा, तर हॉस्पिटलातला देतं का कुणी?"

डॉक्टरांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच विनोद निघाला नाही.

व्याह्यांनी इंजिन खोक्यात ठेवलं, झाकण लावलं, खोका पायरीवर ठेवला आणि ते फाटकाकडे निघाले. स्कूटरला किल्ली लावली. किल्ली काढली. परत आले, झाकण उघडून एकदा आत पाहिलं.

"याला असं टाकून जाता येत नाही," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "स्पिरिट कुठंय?"

स्पिरिट दवाखान्यात होतं. व्याही पायरी चढले, व्हरांडा ओलांडला आणि घरात शिरले. त्यांचं लक्षच नव्हतं. लक्ष होतं ते सुनेचं. तिने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं आणि स्वयंपाकघराकडे पळ काढला.

डॉक्टरांनी खुर्चीवरचे रंगाचे डबे उचलले आणि व्याह्यांना तिथे बसवलं. दिवा खाली ओढला. बरं झालं, मळ वार्निशच्या वर होता. कापसाच्या बोळ्याने हळूहळू उतरू लागला. व्याही पुसत आणि डॉक्टर बोळे पुरवत. चार दिवसांची कलाकुसर कचऱ्याच्या टोपलीत पडताना बघणं जिवावर येत होतं. टाकीखालच्या ओघळाच्या वेळी त्यांनी तोंड फिरवलं. मग खालचा हिरवा रंग दिसला आणि व्याह्यांचा हात पहिल्यांदा थबकला.

"रंग बरोबर आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी खिळे मोजल्याचंही डॉक्टरांनी पाहिलं, आणि ते एकशे बारापर्यंत पोचल्यावर व्याह्यांनी भिवया वर केल्या तेही पाहिलं.

त्यानंतर सूचना सुरू झाल्या. फोटोतलं पिवळं उन्हाने उडालेलं होतं, खरं पिवळं याहून झणझणीत. डॉक्टरांनी डबा उघडला. कठड्याला खाली रंग असेल, पण वर चढताना हात पडतो तिथे रंग कधी टिकलाच नाही, चंदेरी लोखंड चकाकत असे. डॉक्टरांनी टोकदार सळीने तिथला रंग खरवडला, आणि त्यांच्या मनात आलं की एवढ्या डागांपेक्षा ही रिकामी जागा जास्त खरी दिसते.

पिवळा पट्टा ओढायचा म्हणून व्याह्यांनी दोन्ही हातांनी चिकटपट्टी ताणून धरली आणि ब्रश दातांत पकडला. झालं. समोर खुर्चीत माणूस, वर दिवा, तोंड बंद. डॉक्टरांना एकदम मोकळं वाटलं. लग्नातला तो विनोद फार वाईट होता, ते म्हणाले. विनोद म्हणूनही वाईट होता. त्याच रात्री त्यांच्या ते लक्षात आलं होतं. दोन वर्षं ते खिडकीत उभे राहत होते, त्याऐवजी एकदा फाटकाशी यायला हवं होतं. चुकलं.

व्याह्यांनी ब्रश तोंडातून काढला.

"माझं तोंड अडकल्यावरच बोललात ते?"

"एरवी कुठे जमतं मला," डॉक्टर म्हणाले.

व्याह्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी पट्टा सरळ ओढला, इंजिन उचललं आणि फिरवून फिरवून पाहिलं. डाव्या बाजूला, मागच्या कोपऱ्यावर त्यांचं बोट थांबलं. इथे एक पोचा पाहिजे, ते म्हणाले. खऱ्या इंजिनावर होता बशीएवढा. या बाजूचा फोटो तुम्हाला मिळाला नाही.

डॉक्टर चकित झाले. धूळही न चालणाऱ्या माणसाच्या इंजिनाला पोचा? व्याह्यांनी दाराकडे एक नजर टाकली, दार ढकलून घेतलं, आणि आवाज खाली आणला.

"सव्वीस वर्षं झाली. सकाळी केबिनमधून पॉइंट्समन धावत आला, हात हलवत. दवाखान्यातून फोन, मुलगी झाली. मी इंजिन मागे घेत होतो. चार सेकंद त्याच्याकडेच बघत बसलो. लायनीच्या टोकाचा अडथळा मागच्या कोपऱ्यावर बसला. रिपोर्टात लिहिलं, ब्रेक उशिरा लागला. ब्रेक बिचारा वेळेवर लागला होता, मीच उशिरा मारला. पुढे दर ओव्हरहॉलला वर्कशॉपवाले म्हणायचे, ठोकून सरळ करतो. मी करू दिलं नाही." ते खाकरले. "हे घरात कुणाला माहीत नाही. लेकीलाही नाही. बाप झाल्या झाल्या इंजिन ठोकलं, हे काय सांगायचं?"

डॉक्टरांनी खण उघडला आणि दातात चांदी दाबून बसवायचं गुळगुळीत टोकाचं हत्यार निवडलं. आतून लाकडाचा ठोकळा लावला आणि व्याह्यांच्या बोटाशी टोक टेकवून हलकेच दाबलं.

"आणखी," व्याही म्हणाले.

"पत्रा फाटेल."

"चार सेकंदांचा आहे तो, एकाचा नाही. दाबा."

"इतकी वर्षं दात काढलेत मी, किती दाबायचं ते मला कळतं."

"काढलेत ना? मग इथे घालायचंय, काढायचं नाही. आणा इकडे."

हत्याराची मूठ दोघांच्याही हातात असतानाच दार उघडलं आणि सून आत आली. जेवण निवतंय, आई तीनदा हाका मारून थकल्या, ती म्हणाली. मग तिचं लक्ष इंजिनाकडे गेलं. ते हिरवंगार झालं होतं, पिवळे पट्टे अजून ओले होते. तिने ते तळहातावर घेतलं, नंबर वाचला, कठड्यावरून नख फिरवलं आणि दुसऱ्या बाजूला वळवलं.

"अय्या, इथे काय झालं?"

व्याही छताकडे बघू लागले. डॉक्टरांच्या जिभेवर त्या क्षणी एक विनोद आला होता, आणि तो चांगला होता. त्यांनी तो गिळला.

"ब्रेक उशिरा लागला," ते म्हणाले.

"हो," व्याही खुर्चीतून उठत म्हणाले, "रिपोर्टात तसंच आहे." आणि हात धुवायची जागा कुठे आहे ते विचारून ते जेवायला निघाले.