सातवी पास मालन

पोलीस तपासणीचा हट्ट मुळात रत्नप्रभाचाच. शहरातल्या कुठल्याशा वसतिगृहात रखवालदाराने एका मुक्या मुलीला मारमार मारल्याची बातमी तिने वाचली आणि त्याच आठवड्यात शाळेच्या कमिटीपुढे जाऊन उभी राहिली. मुलांना हात लावणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून चौकशी झाली पाहिजे, मग ती आया असो, बसचा ड्रायव्हर असो, की रविवारी हौसेने खेळ घ्यायला येणाऱ्या बड्या घरच्या बायका असोत. बड्या घरच्या बायकांनी नाकं मुरडली. पण विमा कंपनीतल्या साहेबाची ही अमरावतीकर बायको एकदा हटून बसली की हलायची नाही.

जयपूरच्या झोटवाड्यातली ती शाळा मतिमंद मुलांची. रत्नप्रभाची अकरा वर्षांची प्रतिमा रोज तिथे जायची. प्रतिमा बोलत नसे. तिला कुणी चिमटा काढला, उपाशी ठेवलं, कोंडून घातलं, तरी ती घरी येऊन सांगणार नव्हती. या एका गोष्टीची भीती रत्नप्रभा उठता-बसता बाळगून असे.

एका सकाळी पोलीस ठाण्याचे थानेदारजी आले. शाळेच्या ओसरीवर टेबल मांडलं, शेजारी कमिटीतर्फे रत्नप्रभा बसली आणि एकेकाला बोलावणं सुरू झालं. ड्रायव्हर झाला, माळी झाला. मग आली मालन.

मालन म्हणजे रत्नप्रभाचाच शोध. ही वऱ्हाडातली बाई इथल्या छावणीतल्या एका फौजी कुटुंबाबरोबर जयपूरला आली. त्यांची बदली झाली आणि ती मागे राहिली. बाजारात भाजीवाल्याशी तिचं "काहून बाप्पा" ऐकलं आणि रत्नप्रभाला माहेर भेटल्यासारखं झालं. परमुलखात आपली बोली कानावर पडली की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. "हमारे उधर की है," एवढ्या एका शिफारशीवर तिने मालनला शाळेत लावून दिलं. मागचापुढचा काही विचार नाही. साऱ्या जगाची चौकशी मागणाऱ्या या बाईने मालनला मात्र कधी एक प्रश्न विचारला नव्हता.

"नाम?" थानेदारांनी मान वर न करता विचारलं.

"मालन."

"पति?"

"नहीं है."

"शिक्षा?"

मालनचा चेहरा एकाएकी राखेसारखा झाला. तिने टेबलाची कड धरली. तिचे ओठ हलले, थांबले, आणि मग ती एका दमात बोलून गेली, "सात साल, साब. नागपुर में. पूरी करके आई."

"सातवीं पास," थानेदार लिहीत पुटपुटले. "बहुत है. ठीक है, जाओ."

रत्नप्रभाला आधी हसूच आलं. कसली सातवी? भावाकडून आलेली पत्रं मालन तिच्याकडूनच वाचून घ्यायची. तिला अक्षर म्हणून येत नव्हतं. थानेदारांना सांगायला तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मालनकडे तिची नजर गेली. मालन रडत होती, हात जोडून, सुटका झाल्यासारखी. मग रत्नप्रभाला उमगलं. थानेदारांनी हिंदीतली शिक्षा विचारली होती, म्हणजे शाळा. मालनने उत्तर दिलं होतं मराठीतल्या शिक्षेचं.

पोलिसांपुढे बसून ही बाई आपल्या तोंडाने कबूल झाली होती, आणि त्या अख्ख्या ओसरीवर ते एकट्या रत्नप्रभाला कळलं होतं. पुढचा माणूस आला, चहा आला, आणि बोलायची वेळ निघून गेली.

संध्याकाळी घरी तिने प्रतिमाला दिव्याखाली उभं केलं आणि तिचं अंग पाहिलं. पाठ, मांड्या, काखा. उजव्या मनगटावर काळेनिळे वळ होते, बोटांचे. सात वर्षं. चोरीला कुणी सात वर्षं देत नाही. "कुणी गं? मालन मौसीने?" तिने विचारलं. ते नाव ऐकून प्रतिमा खुदकन हसली, पण प्रतिमा कशालाही हसायची. नवरा, नंदकिशोर, चाकसूला दौऱ्यावर गेलेला. सांगायचं तरी कुणाला, आणि कुठल्या तोंडाने? बाई तिनेच आणलेली. मुलीच्या मनगटाला तेल लावता लावता तिला स्वतःचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिमाला घेऊन ती शाळेत गेली ती थेट मागच्या नळावर. मालन चादरी धूत होती. पाहताच प्रतिमा आईचा हात सोडवून तिच्याकडे पळाली आणि तिच्या ओल्या पदराला बिलगली.

"मालन, नागपूरला कशाबद्दल?" रत्नप्रभाने विचारलं.

मालन दचकली नाही. तिच्या दृष्टीने सगळं कालच उघड झालं होतं. तिने हात पुसले.

"मले एक पोरगा होता बाई. आपल्या प्रतिमासारखाच. बोले नाही, लाळ गळे. नवऱ्यानं टाकलं. मी मेली त ह्याले कोण पाहीन, ह्याच एका इचारानं मले झोप लागे नाही. मंग एक डाव त्याले पदरानं पोटाशी बांधलं अन् इहिरीत उडी टाकली. मले लोकाईनं काढलं. त्याची गाठ सुटली होती." ती प्रतिमाच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "म्हणून बसपाशी नेतानी सडकेवर पोरीचा हात मी सुटू देत नाही. वळ उठतात, मले दिसते ते. पण सुटू देत नाही."

रत्नप्रभा नळाच्या कट्ट्यावर बसली. मालनची भीती तिला वाटेनाशी झाली होती. पण भीती गेली नव्हती, आता ती स्वतःचीच वाटू लागली होती.

गेल्या हिवाळ्यात नंदकिशोरच्या ऑफिसची मंडळी कानोत्याच्या धरणावर सहलीला गेली होती. सगळे दालबाटीवर तुटून पडलेले आणि ती प्रतिमाला घेऊन बांधाच्या कडेला पाण्याकडे बघत उभी. आपल्यामागे हिचं कसं होणार, हा विचार तिच्या रोजच्या ओळखीचा. त्या दिवशी तो एक पाऊल पुढे गेला होता. दोघी बरोबरच गेलो तर कुणालाच घोर नाही. नंदकिशोरने चहाला हाक मारली म्हणून ती वळली. त्याने हाक मारली नसती तर, हे तिने स्वतःला आजवर विचारलं नव्हतं. तिची चौकशी करायला कुणी थानेदार येणार नव्हता. आयांची होते, माळ्यांची होते, आयांची तपासणी मागणाऱ्या आईची कुणी करत नाही.

"मालन," ती म्हणाली, "साहेबांनी तुला ते विचारलंच नव्हतं. हिंदीत शिक्षा म्हणजे शाळा. तू कितवी शिकलीस ते विचारत होते."

मालनला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती भिंतीला टेकली.

"मले वाटलं, सरकारनं माफ केलं," ती हळूच म्हणाली. "रातभर मी सुखानं झोपली, बाई."

रत्नप्रभाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण इथे आणखी पंचवीस मुलं होती, त्यांनाही आई-बाप होते. त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून गप्प बसणं तिच्याच्याने होणार नव्हतं. "चल, हेडमास्तरीण बहनजींकडे जाऊ," ती म्हणाली. "मी बरोबर येते. तू चांगली आहेस हेही मी सांगेन. पण सांगावं लागेल."

"काढून टाकतीन."

"कदाचित."

मालनने मान डोलावली. वाद घातला नाही, हातापाया पडली नाही. पदर खोचला, प्रतिमाचा हात आपल्या पदरातून सोडवला आणि तो आईच्या हाती देण्यासाठी पुढे केला.

"मंग पोरीले कोण पाहीन?" तिने विचारलं.

उत्तर एका अक्षराचं होतं. कुठलीही आई ते झटकन देईल. ते छोटंसं मनगट समोर होतं, वळांसकट, आणि ते धरायला रत्नप्रभाचा हात उचलेना. घर रिकामं होतं, नंदकिशोर परवा येणार होता. "मी" म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तिला त्या शब्दाचीच भीती वाटली.