सुईतून गेलेली पेटी

मी एक जुनी पेटी आहे, आणि मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. माझ्याइतकी लहान पेटी जगात कुणी पाहिली नसेल. डोळ्यांत तेल घालून बघितलंत तरी दिसायची नाही. पण मित्रांनो, तुम्ही शेजारच्या नळीतले, कालच घडलेले, माझ्याच जातीचे. म्हणून तुम्हाला सांगते. आज सकाळीच तुम्हाला दवाखान्यात न्यायचं आहे, तेव्हा नीट ऐका.

माझं अंग डीएनएचं आहे. डीएनए म्हटलं की लोकांना आजीचं नाक आणि नातीचे कुरळे केस आठवतात. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना मात्र त्यात दोरा दिसला. एक लांबलचक धागा घ्यायचा, त्याला आखूड धाग्यांचे शेकडो टाके घालायचे. प्रत्येक टाक्याची सोयरीक आधीच ठरलेली, त्यामुळे तो आपली जागा सोडून भलत्याच्या गळ्यात पडत नाही. सगळं एकत्र गरम केलं आणि सावकाश निवू दिलं, की धागा आपोआप दुमडतो. तळ, भिंती, झाकण, आणि झाकणाला कडी.

सावकाश, हा त्यातला मंत्र. बाईंच्या हाताखालच्या एका गृहस्थाला सगळे झटपट म्हणत. त्यानं आमच्या आधीची खेप गरम नळीसकट सरळ बर्फात खुपसली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पेटी एक नाही, मांजरानं खेळवलेल्या लोकरीचा नुसता गुंता!

"एवढी कसली घाई लागली होती?" बाईंनी विचारलं.

"डबा गार होत होता," झटपट म्हणाला.

"तुझा डबा गरम राहिला. आता त्या काकांना काय सांगू?"

ते काका बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. त्यांच्या आवाजानं म्हणे कबुतरंसुद्धा रांगेत उभी राहत. पण त्यांच्या गळ्यात गाठ झाली. आवाजाची कुजबुज झाली. औषधानं गाठ बसली नाही तर पुढच्या महिन्यात स्वरयंत्रच काढणार होते. औषध तर असं जहाल, की सगळ्या अंगात मोकळं सोडलं तर आजार बरा आणि आजारी पार अशी गत. म्हणून ते बंद पेटीतून गाठीपर्यंत न्यायचं ठरलं.

बाईंनी मग स्वतः बसून आम्हाला घडवलं. रात्रभर, एकेक अंश करत निवू दिलं. एका नळीत आम्ही कोट्यवधी बहिणी जन्मलो, सगळ्या रेखीव. बाई म्हणाल्या, "याला म्हणतात काम!" अजूनही आठवलं की माझे कोपरे ताठ होतात.

दवाखान्यात काका पलंगावर बसले होते, काकू उशाशी.

"डीएनएची पेटी म्हणे," काका कुजबुजले. "मला दुसऱ्याचं नाक-बिक उगवायचं नाही ना?"

"नाही हो काका," बाई म्हणाल्या. "यात कुणाचं काही लिहिलेलं नाही. नुसता दोरा समजा."

"नाक उगवलं तर उगवू दे," काकू म्हणाल्या. "आवाज तेवढा परत द्या. घरात मी एकटीच भांडतेय. समोरून उत्तर नाही तर जिंकल्याचं सुख कसलं?"

काका हसायला गेले, तर नुसती हवा बाहेर आली. काकूंनी मान फिरवली.

नळीतला एकेक थेंब प्रत्येक खेपेला मागे ठेवतात, नमुना म्हणून. पुढे काही बिघडलं तर ताडून बघायला. ती बिचारी शिल्लक फ्रीजमध्येच म्हातारी होते. मी त्यातली नव्हे हं! मी सर्वांत पुढे होते.

सुईतून निघाले ती थेट पुरात. लाल पेशी धक्के मारत चाललेल्या, कुणाचा पाय कुणाच्या पायात नाही. तेवढ्यात एक पांढरी पेशी आडवी आली, फौजदारीणच ती. "कोण गं तू? कुठली?" मी म्हटलं, "अगं बाई, घरचीच की! डीएनए. ओळखलं नाहीस?" ती बुचकळ्यात पडली आणि मी सटकले. वाटेत पुष्कळ भल्या पेशींनी कडी हलवून पाहिली. मी दाद दिली नाही. गाठीच्या पेशीच्या अंगावर माझ्या कडीला जुळणारा खिळा होता. तो लागला, कडी निखळली, झाकण खाडकन उघडलं आणि सगळं औषध मी तिच्या डोक्यावर ओतलं. बहिणी मागून पोचल्या, तोवर काम आटोपलं होतं. मग काका खोकले, त्या खोकल्यावर बसून मी बाहेर उडी घेतली, बाईंच्या हातमोज्यावर उतरले आणि परत फ्रीजमध्ये!

काही आठवड्यांनी काका इथे आले. दारातच छाती भरून ओरडले, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं!" काचेची भांडी थरथरली. झटपटच्या हातून डबा पडला. काकू म्हणाल्या, "झालं, आता माझं कोण ऐकणार?" आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या.

तर मित्रांनो, माणसांनी आपली आबाळ करू नये. घाईनं निववू नये, फ्रीजचं दार उघडं टाकून गप्पा ठोकू नयेत. आणि तुम्ही भिऊ नका. ती ऐका, बाईंची पावलं. मी गेले तसेच ताठ मानेनं जा, आणि काम करून माझ्यासारखेच परत—

"आजी," शेजारच्या नळीतून सर्वांत धाकटी ओरडली, "तुझी कडी तर अजून लागलेली आहे! औषध पोटातच आहे की! मग काकांना आवाज दिला कुणी?"