सहा नंबर इमारतीचा पुठ्ठा

चीनमधल्या हांगचौ शहरातल्या त्या सोसायटीत अकरा नोव्हेंबरचा ऑनलाइन सेल म्हणजे सुगीच. आठवडाभर लोक फोनवर बोटं झिजवायचे आणि पुढचा आठवडाभर लिफ्टच्या दारात खोक्यांचे डोंगर उभे राहायचे. पाय चेपायची यंत्रं, कुत्र्याचे रेनकोट, भात शिजवायचं तिसरं भांडं. माल घरात, खोकं बाहेर. आणि बाहेर पडलेलं खोकं झाडूवालीचं. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सहा वर्षांत तो कुणी मोडलाही नव्हता.

सहा नंबर इमारतीची झाडलोट तांग फांगयिंगकडे होती. पगार खोलीच्या भाड्यात आणि सासूच्या औषधात विरघळून जायचा. गावाकडे शाळेच्या होस्टेलवर राहणाऱ्या लेकीच्या दोन वेळच्या जेवणाचं निघायचं ते हा पुठ्ठा रद्दीत विकून. त्यामुळे मोठं खोकं दिसलं की फांगयिंगला ते रिकामं दिसतच नसे, आत लेकीचं ताट दिसे.

दोन वर्षांपूर्वी चौदाव्या मजल्यावर चेंगसाहेबांची आई राहायला आली आणि या सुगीवर टोळधाड आली.

बाओ आजी बहात्तर वर्षांच्या. उभा जन्म डोंगराळ गावात रताळी खणण्यात गेलेला. लेक शिकला, मोबाइलच्या कुठल्याशा कंपनीत डायरेक्टर झाला, आईला शहरात घेऊन आला. घरात स्वयंपाकाला बाई, फरशी पुसायला यंत्र. आजींना काम उरलं ते एकच, खिडकीत बसून खाली बघायचं. आणि खाली काय दिसावं? तर चांगला कोरडा, जाड, तीन पदरी पुठ्ठा! आजींच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

मग काय विचारता! फांगयिंग पहाटे साडेपाचला आली की आजी पाचला उतरलेल्या. फांगयिंग पाचला आली, तर आजी पावणेपाचला. अंगात सुनेनं टाकून दिलेला कोट, पण तो टाकाऊ कोटसुद्धा फांगयिंगच्या चार पगारांना भारी.

"आजी, ठेवा ते खाली! तुमच्या लेकाच्या गाडीच्या एका चाकात माझं घर येईल. तुम्हाला पुठ्ठा कशाला हो?"

"गाडी लेकाची. मी काय चाक चाटू?"

"मग लेकाकडे मागा की."

"मागून मिळतं ती भीक. हे माझ्या घामाचं आहे."

"तुमच्या घामाचं? इमारत मी झाडते!"

"मग झाड ना! झाडायला कोण नको म्हणतंय?" आणि फ्रिजचं खोकं डोक्यावर घेऊन आजी पसारही झाल्या.

यात एकच अडचण होती. नव्या वर्षाला लेकानं त्यांना चुलीच्या देवासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली होती. "आई, लोक म्हणतील, मी तुला उपाशी ठेवतो. माझ्या तोंडाला काळं फासू नकोस." आजींनी शपथ घेतली आणि पुठ्ठा घरी आणायचं इमानानं बंद केलं. त्या तो तळघरात, लेकाच्या दुसऱ्या गाडीच्या मागे रचू लागल्या. ती गाडी महिनोन्महिने हलतच नसे.

यंदाच्या सेलनंतर ढीग छताला टेकला आणि नेमकी तेव्हाच आगीच्या बंदोबस्ताची तपासणी आली. मॅनेजर दूसाहेबांनी गाडीमागे डोकावलं आणि ते थेट फांगयिंगवरच गरजले.

"तांग! हे गोदाम कुणाचं?"

"माझं नाही, साहेब. चौदाव्या मजल्यावरच्या आजींचं."

दूसाहेब इतके हसले की त्यांचा पट्टा सैल झाला. "डायरेक्टरसाहेबांची आई कचरा वेचते? थाप मारायची तर जरा बेतानं मार. आजपासून कामावर येऊ नकोस. आणि हे सगळं आत्ता कचऱ्याच्या गाडीत टाका!"

गडबड ऐकून चेंगसाहेब खाली आले. मागून आजीही आल्या. फांगयिंगनं त्यांच्याकडे पाहिलं. आजींनी लेकाकडे पाहिलं आणि मग आपल्या चपलांकडे. फांगयिंगचं डोकं असं सणकलं की वाटलं, म्हातारीला त्याच ढिगावर नेऊन आपटावं. सहा वर्षं खाली मान घालून काम केलं, त्याचं हे फळ! आता लेकीला काय कळवायचं?

एवढ्यात कचरा उचलणाऱ्या माणसांनी पहिला गठ्ठा उचलून कचऱ्याच्या गाडीत भिरकावला. चांगला, सुका, विकाऊ पुठ्ठा ओल्या भाजीच्या सालांवर पडला. फांगयिंगची नोकरी गेली तेव्हा आजींनी तोंड उघडलं नव्हतं, पण हे त्यांना बघवेना.

"हात लावू नका, मेल्यांनो! माझा आहे तो!"

चेंगसाहेब कानापर्यंत लाल झाले. दूसाहेबांचा चेहरा मात्र क्षणात पालटला.

"आजी! तुम्ही? अहो, मग आधी सांगायचं! या वयात पर्यावरणाची एवढी काळजी! आपण सोसायटीच्या फलकावर तुमचा फोटो लावू. 'हरित रहिवासी' म्हणून!"

"कसलं पर्यावरण? मी हिचा पुठ्ठा पळवला. चोरला!"

"ऐका, किती विनय हा!"

"अहो, मी चोर आहे!"

"आणि काय विनोदी स्वभाव!" दूसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

आजी हतबल झाल्या. जन्मात पहिल्यांदा खरं बोलायला गेल्या, तर कुणी चोर मानायला तयार नाही. आणि तिकडे फांगयिंग खरं बोलून खोटी ठरली होती.

"मग हिला कामावर घेतलंत ना?" आजींनी विचारलं.

"ते निराळं. तळघरात माल साठवला म्हणून वर लिहून दिलंय. कुणाचं तरी नाव लागतंच ना, आजी."

आजी लेकाकडे वळल्या. "हिचं नाव लावा खुशाल. पण मग उद्यापासून मी मोठ्या फाटकात बसून पुठ्ठा विकीन. गळ्यात पाटी घालीन, 'डायरेक्टर चेंगची आई'."

चेंगसाहेबांनी घाम पुसला. "दूसाहेब, माझं नाव लिहा. दंड मी भरतो. बाईंना काढू नका."

"अर्थातच! तांगताई तर आमच्या जुन्या आणि विश्वासाच्या!" दूसाहेब म्हणाले. दोन मिनिटांपूर्वीची 'तांग' आता 'तांगताई' झाली होती.

दुसऱ्या दिवशी फांगयिंग आभार मानायचे म्हणून पाचच्या आधीच पोचली. बघते तर आजी लिफ्टच्या दारात टीव्हीचं भलंमोठं खोकं कवटाळून उभ्या.

"आजी! कालच माझी बाजू घेतलीत ना?"

"ते काल. आज ज्याच्या हातात त्याचं."

फांगयिंगनं खोक्याचं दुसरं टोक पकडलं. हसू येत होतं आणि रडूही. "तुमचा हा खेळ होतो, आजी. याच्यावर माझी पोर जेवते. गेल्या महिन्यात तिनं पंधरा दिवस नुसता भात आणि लोणचं खाल्लं. मला कळवलंसुद्धा नाही. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं."

आजींची पकड ढिली झाली. नुसता भात आणि लोणचं काय असतं, हे त्या इमारतीत फक्त या दोघींनाच ठाऊक होतं.

"आधी का नाही बोललीस?"

"विचारलंत कधी?"

आजींनी खोकं सोडलं. कोट झटकला, लिफ्टचं बटण दाबलं आणि रिकामे हात पुढ्यात धरून उभ्या राहिल्या. त्या हातांचं आता काय करावं, ते त्यांना समजत नव्हतं. वर चौदाव्या मजल्यावर कुणी उठलेलं नव्हतं, आणि उठलं तरी आजींवाचून तिथं कुणाचं अडणार होतं?

लिफ्टचं दार उघडलं.

"आजी," फांगयिंग म्हणाली, "जरा सुतळी धरता का? मला एकटीला गठ्ठा बांधता येत नाही."

सहा वर्षं ती एकटीच बांधत होती.