पंधराव्या दिवसाचा मुहूर्त

देवळाली प्रवराजवळच्या पानबाबांच्या मठासमोर गुरुवारी जीप लावायला जागा मिळत नाही. केमोथेरपीने रक्तातल्या प्लेटलेट उतरल्या की बाबांचा पाल्याचा रस घ्यायचा, आठवड्यात आकडा वर! तसे रिपोर्ट फ्रेम करून भिंतीवर टांगलेत. देवांच्या तसबिरी बिचाऱ्या मागच्या खोलीत गेल्या.

परवा माझ्या जीपमधून काकासाहेबाने आईला, भागिरथीबाईंना, आणलं. सोबत गावातली नर्स प्रज्ञा होती. केमोला अकरा दिवस झालेले, प्लेटलेट आठ हजार, हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी प्लेटलेटची पिशवी चढवायला सांगितलं होतं. काकासाहेब म्हणाला, आधी मठ.

"पिशवी न्हाई!" बाबा गरजले. "परक्याचं रक्त चढलं की रसाचं तेज उतरतं. माउलीचा मुहूर्त पंधराव्या दिवशी हाय. चार दिवस थांबा."

काकासाहेब मान डोलावू लागला. माझं मात्र डोकं फिरलं. नगरच्या दवाखान्याच्या फेऱ्या मीच करतो आणि प्रत्येक पेशंटच्या केमोची तारीख बाबांचा माणूस फोन करून मलाच विचारतो. ग्रहताऱ्यांना विचारायचं सोडून! आणि मीही इतके दिवस भाबडेपणाने सांगत आलो.

"बाबा, समद्यांचा मुहूर्त पंधराव्याच दिवशी कसा?" मी विचारलं.

"रस तवाच जागा हुतो, लेकरा! ह्या साळूबाईला इचार. नऊ हजाराच्या सत्तर हजार झाल्या!"

साळूबाई पदर सावरत उठल्या. "खोटं कशाला बोलू? लई कडू हुता. म्या म्हशीच्या आंबोणात ओतला."

"मग म्हशीचा रिपोर्ट लावा भिंतीवर!" मागून कुणीतरी ओरडलं. बाबांना एकदम ध्यान लागलं.

प्रज्ञा पुढे झाली. "केमोनंतर दहा-चौदा दिवसांनी प्लेटलेट तळाला जातात. मग बहुतेकांच्या शरीरात नव्या तयार होतात, आपोआप. बाबा फक्त तेवढ्यात पेला पुढं करतात. पण मावशींना आज रक्त येतंय. डोक्यात रक्तस्राव झाला, तर चार दिवसांनी रस पाजणार कुणाला?"

काकासाहेबाचा चेहरा उतरला. त्याने आईला उचलून जीपमध्ये बसवलं.

संध्याकाळी पिशवी चढली, रात्रीपर्यंत हिरड्यांचं रक्त थांबलं. मला रडू आलं, लपवत नाही. बाबांच्या माणसाचा फोन मी आता उचलत नाही.

कुणी म्हणालं, आमच्या औषधाने गुण आला, तर एवढंच विचारा: ते घेतलं नसतं तर काय झालं असतं? आणि केमोच्या पेशंटला रक्त येताना दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मुहूर्त बघत बसू नका.