रिकामा रकाना

बुधवारी सकाळी मनकर्णाबाई अंगणातल्या उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि आत दिवाणावर त्यांची थोरली लेक अपेक्षा सहाशे बारा फॉर्मांच्या ढिगात बुडाली होती. फॉर्म समाज मंडळाचे होते. प्रत्येकावर एक घर: माणसं किती, मुलं किती, मुलगा की मुलगी, शिक्षण काय, लग्न कुठे.

मंडळाला पन्नास वर्षं झाली होती. या पन्नास वर्षांत मंडळाने सतरंज्या घेतल्या, माईक घेतला, माईकवरून मुलींना संस्कार शिकवले; आणि आता लग्नाच्या पोरांना मुली मिळेनाशा होताच त्याला अचानक संशोधनाची तहान लागली. यादीत उपवर मुलगे एकशे त्रेचाळीस, मुली सदुसष्ट. अध्यक्ष नानाजींचं निदान तयार होतं: पोरी मोबाईलपायी जातीबाहेर पळतात. त्यांना हवा होता फक्त संगणकाचा शिक्का. तो मिळाला की स्मरणिकेत छापायचं आणि बारावीनंतर पोरींना शिकायला बाहेर धाडू नये, असा ठराव टाळ्यांत पास करायचा.

अपेक्षा सदर भागातल्या एका ऑफिसात सर्वेक्षणांचे तक्ते करायची. तिचे वडील ताराचंद मंडळाचे सचिव. म्हणून ढीग या घरी आला.

"काहून वं, झालं का नाई अजून?" बाहेरून मनकर्णाबाईंनी विचारलं.

"माणसं मोजून राहिली, आई. शेंगा नाही."

"मोज बाप्पा. पहिले तुह्या लग्नाचा रकाना मोज. एकतीस वर्षांपासून रिकामाच हाय."

अपेक्षा हसली. तिने आर या संगणकभाषेत एका ओळीची आज्ञा दिली: 'लग्न कुठे' या रकान्यातलं प्रत्येक उत्तर किती वेळा आलं ते सांग. पडद्यावर उत्तर आलं. समाजाबाहेर लग्न केलेल्या मुली, अकरा. अकरा पोरींच्या पायी पन्नास वर्षांचं मंडळ गळा काढत होतं! मग बाकीच्या गेल्या कुठे?

संगणकाची एक खोड तिला ठाऊक होती. मुद्दाम सांगितलं नाही तर तो रिकाम्या जागा मोजत नाही. गुपचूप गाळतो, आणि उरलेल्यांचा तक्ता अशा ऐटीत मांडतो की जणू कुणी राहिलंच नाही. या एका गुणावर तो मंडळाचा आजीव सभासद झाला असता. तिने रिकामंही मोजायला सांगितलं. तेवीस मुलांपुढे मुलगा की मुलगी हेच लिहिलेलं नव्हतं. तिने घरोघरी फोन लावले.

"हाय नं, पोरगी हाय. लिहाचं राह्यलं," असं एकवीस घरांतून ऐकू आलं. पोराचं लिहायचं दोनच घरांत राहिलं होतं.

ते भरून तिने पंधरा वर्षांखालची मुलं तेवढी घेतली, म्हणजे सासरी गेलेल्या लेकी लिहिल्या नाहीत ही सबब उरू नये. दोन मुलं असलेली घरं निवडली. मग पहिलं मूल उभं धरलं, दुसरं आडवं.

ताराचंद मागे येऊन उभे राहिले. पाचपावलीत त्यांनी वीस वर्षं हातमाग चालवला होता. "हे काय होय?"

"उभ्या ओळीत पहिलं मूल, आडव्या ओळीत दुसरं. दोन्ही जिथं भेटते, त्या चौकोनात तेवढी घरं."

"म्हणजे ताणा अन् बाणा."

"तेच, बाबा."

ज्या घरी पहिला मुलगा, तिथे पाठीवर मुलगे चौऱ्याऐंशी, मुली एकोणऐंशी. ज्या घरी पहिली मुलगी, तिथे पाठीवर मुलगे एकशे एकतीस. मुली अडतीस.

अपेक्षाने त्यात वडिलांचं शिक्षण मिसळलं. पदवीधरांच्या घरी पहिल्या मुलीच्या पाठीवर एकावन्न मुलगे आणि मुली सहा. समाजातल्या शिकलेल्यांनी शिक्षणाचा असा उपयोग केला होता.

ताराचंदांनी कापडावरून फिरवावं तसं पडद्यावरून बोट फिरवलं. त्या अडतीसवर ते थांबलं.

"धागा तुटला नाही इथं, पोरी. तोडला हाय. आपोआप तुटलेल्याचं टोक येगळं असते."

एवढं शहाणपणाचं बोलून ते चहा प्यायला निघून गेले. शहाणपण तोंडात आणि भित्रेपण पोटात, असे सज्जन प्रत्येक मंडळात सचिव होतात.

संध्याकाळी धाकट्या भावाची, वाडीच्या गोदामात कामाला असलेल्या सुशीलची बायको काजल जिन्यात उभी होती. तिला तिसरा महिना. चार वर्षांची नंदिनी तिच्या पदराला लोंबकळत होती.

"ताई, रविवारी दोन वाजता गाडी येऊन राहिली. यायनं वाडीच्या गोदामातूनच ठरवली. राज्याच्या सीमेपार कोनी डॉक्टर हाय म्हणते. आई म्हणते, फक्त पाहून येऊ."

"सुशील तयार झाला? अन् पाहून काय करणार?"

"पाहून काय करते, ते तुम्हाले नाई माहीत?" काजल बारीक हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं. "तुम्ही ते चौकोन मोजून राहिल्या नं? मी त्यातच बसली हाय."

आत मनकर्णाबाई नातीला थोपटत गुणगुणत होत्या. आवाज गोड होता, मायेचा होता:

लेकाच्या पाळण्याले मोर बसे चार,
लेकीच्या झोळीले वं वाऱ्याचा आधार.

अपेक्षा उंबऱ्यात थांबली. "आई, ही पोटात होती तवा पाहून घेतलं असतं तर?"

मनकर्णाबाईंचा हात नातीच्या पाठीवर थबकला. मग त्या सरळ म्हणाल्या, "पहिलीले कोनी पाहात नाही वं." आणि पुन्हा थोपटू लागल्या.

रविवारी दहाला मंडळाचा हॉल भरला. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे आणि पंख्याखाली पदाधिकारी. नानाजींच्या गळ्यात हार होता. पांढऱ्या पडद्यावर चार चौकोन उमटले. अपेक्षाने आधी अकराचा आकडा सांगितला, मग चौऱ्याऐंशी, एकोणऐंशी, एकशे एकतीस, अडतीस. एकेक आकडा हॉलमध्ये दगडासारखा पडला.

"लोकायनं पोरी लिहिल्याच नसन," नानाजी खाकरले.

"लिहिल्या नव्हत्याच. मी फोन करून लिहून घेतल्या. हा आकडा त्यानंतरचा आहे."

"मग देवाची मर्जी."

"पहिला मुलगा असलेल्या घरी देव मुलगे-मुली जवळपास सारख्याच देतो. पहिली मुलगी असलेल्या घरी त्याचं माप बदलतं का, नानाजी?"

पुरुषांच्या बाजूला एक जण फिस्‌कन हसला आणि लगेच घाबरून छताकडे पाहू लागला.

"फालतू बदनामी हाय हे समाजाची! सचिव, आवरा तुमच्या पोरीले. बंद करा तो पडदा," नानाजी ओरडले.

ताराचंद उठले. पण त्यांच्याआधी डावीकडून काजल उठली होती. कडेवर नंदिनी. माईकपाशी न जाता ती थेट सचिवांच्या टेबलापुढे आली.

"बाबा, आपल्या घरचा फॉर्म अधुरा हाय. लिहा."

ताराचंदांनी पेन धरलं. फॉर्म पुढे ओढला.

"पहिली मुलगी, नंदिनी. दुसरं पोटात हाय. मुलगा का मुलगी, तो रकाना रिकामा ठेवा. आज दोन वाजता तोच भराले गाडी येऊन राहिली. मी त्या गाडीत बसत नाही." तिने सगळ्या हॉलकडे पाहिलं. "आता सगळ्यांच्या तोंडावर सांगतलं. आता कोनी नेऊन दाखवा मले."

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाशी नेला. दाराशी उभा असलेला सुशील मोबाईलमध्ये असं डोकं घालून राहिला की जणू तिथेच त्याचा जन्म झाला होता.

ताराचंदांनी लिहिलं. मग लेकीकडे पाहून विचारलं, "रिकामाच ठेवतो. पण मोजाचा नं?"

"मोजायचा, बाबा. रिकामा असला तरी मोजायचा."

दोनला गल्लीत हॉर्न वाजला. चपलाही न घालता ताराचंद स्वतः बाहेर गेले. "सवारी नाही," ते ड्रायव्हरला म्हणाले. "पुन्हा या दारी येऊ नको गा."

स्मरणिका निघाली. तक्ता अर्थातच छापला नाही. ठराव मात्र दबला; पडद्यावरचे चौकोन पाहिल्यानंतर तो मांडायला कुणी उठेना. तक्त्याच्या पानावर 'वधू पाहिजे'ची यादी आली. पहिलंच नाव नानाजींच्या नातवाचं, चंदनचं. वय तेहतीस, मुलगी गोरी आणि समाजातलीच हवी. नानाजींना नातू पाच आहेत. नात एकही नाही. ते मुलगी शोधत अजून दारोदार फिरतात, आणि समाजाला काय झालं म्हणून विचारतात.

अपेक्षाच्या संगणकात तो तक्ता आहे. काजलच्या घरच्या ओळीत एक जागा रिकामी आहे, आणि ती मोजली गेली आहे. पण एकशे एकतीसच्या समोर ज्या मुली उभ्या राहायला हव्या होत्या, त्या कुठल्याच फॉर्मवर नाहीत. त्यांना मोजायची आज्ञा कुठल्याही संगणकाला देता येत नाही. त्यांचा आकडा फक्त त्या घरांना ठाऊक आहे, ज्यांच्या दारात भर दुपारी गाडी आली होती, आणि सवारी बसली होती.