कौलावरचं नाव

काकासाहेब जुन्या कागदांचं गाठोडं बगलेत मारून जालन्यात मस्तगडच्या गल्लीत शिरले आणि दैवशालेच्या खोलीपुढं येऊन थांबले, तेव्हा तिनं खिडकीतूनच त्यांना ओळखलं. चौतीस वर्षं ती या दिवसाची वाट पाहत होती. हा माणूस कधी ना कधी आपल्या दारात काहीतरी मागायला येईल, याबद्दल तिला कधीच शंका वाटली नव्हती.

"तू मोडी वाचती असं कळलं," काकासाहेब म्हणाले. "आपल्या घराण्याचं पुस्तक काढून राह्यलोय. कडूबा पाटलाचं. पिंपळगावच्या शिवारात जंगल तोडून पहिला नांगर त्यानंच घातला. नवरात्रात रेणुकाईच्या मंडपात प्रकाशन, समदी भावकी येणार. बाहेरच्याला कशाला द्यायचं हे काम? तू घरचीच."

घरचीच! दैवशाला बारा वर्षांची असताना तिचे वडील, वसंता, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी या सख्ख्या चुलत्यानं तिच्या आईला, नंदाबाईला, ओसरीवर बसवून एका कागदावर अंगठा घेतला. वर म्हणाले होते, "पोरगा असता तर गोष्ट निराळी होती. पोरगी उद्या लोकाच्या घरी जाणार. जमीन लेकीच्या वाटंनं गेली की घराणं बुडतं." आठ दिवसांनी मायलेकी दोन पिशव्या घेऊन भोकरदनहून जालन्याच्या एसटीत बसल्या. पुढची वीस वर्षं नंदाबाईनं बियाण्याच्या गोदामात मका निवडला आणि त्यावर लेकीला शिकवलं.

"ठेवा काका," दैवशाला म्हणाली. "महिन्यात करून देते."

त्यांच्या मागं तिनं दार धाडकन लावलं. रागानं नाही, आनंदानं.

मोडी काकासाहेबांना येत नव्हती. भावकीत कुणालाच येत नव्हती. म्हणजे ती जे लिहील तेच खरं ठरणार होतं. तीन दिवस तिनं गाठोडं उघडलंच नाही; नुसतं काय काय लिहिता येईल याचा विचार करत राहिली. मूळपुरुष दरोडेखोर होता असं लिहावं? गुरं चोरून परागंदा झाला होता असं? एकेक खोटं ती मनात घोळवून पाही, आणि प्रत्येक वेळी काकासाहेबांचं पडलेलं तोंड तिच्या डोळ्यांपुढं येई. जेवणावरही तिचं लक्ष नव्हतं.

चौथ्या दिवशी तिनं गाठोडं उघडलं. तळाशी निजामाच्या काळातला कौल होता. पडीक रान लागवडीला आणणाऱ्याला सरकार लिहून द्यायचं, तो करारनामा. वाळवीनं एक कोपरा खाल्ला होता, पण अक्षर स्वच्छ होतं. दैवशालेनं तो एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि मग उठून घटाघटा पाणी प्याली.

कौल कडूबाच्या नावाचा नव्हताच. कडूबा घाट उतरून आला त्याच पावसाळ्यात साप चावून मेला होता. एक काडीही त्यानं तोडली नव्हती. त्याच्या विधवेनं, बायजाबाईनं, एका बैलावर आणि पोटच्या मुलीच्या मदतीनं चार वर्षांत बाभळी काढल्या, बांध घातले, रान पिकवलं. कौल तिच्या नावानं होता. खाली लिहिलं होतं, बाईस मुलगा नाही, सबब जमीन तिची कन्या सगुणा आणि सगुणेचा घरजावई यांच्या वंशाकडं चालावी.

हा सगुणेचा वंश म्हणजेच काकासाहेबांचं घराणं. अख्खी जमीन, ज्या ओसरीवर अंगठा घेतला ती ओसरीसुद्धा, लेकीच्या वाटंनं आली होती.

"माय," तिनं हाक मारली, "खोटं लिहायची गरजच न्हाई."

काकासाहेबांना हवा तसा एक मसुदा तिनं लिहून दिला. कडूबाचा पराक्रम, कडूबाची मिशी, कडूबाचा नांगर. त्यांनी खूश होऊन सही केली. छापखान्यात मात्र दुसराच मजकूर गेला. छापखाना पन्नालालजींचा, आता त्यांचा नातू रजत बघायचा. त्यानं विचारलं, "दीदी, काकासाहेबांना एकदा दाखवून बराबर करून घेऊ का?"

"त्यांची सही झाली," दैवशाला म्हणाली. "गठ्ठे बांधूनच पाठव. देवीपुढंच सोडायचे म्हणतेत."

अष्टमीला मंडप गच्च भरला. पुढं पुरुष, मागं बायका. बायकांत नंदाबाई बसली होती, चौतीस वर्षांनी पहिल्यांदा. कोपऱ्यात कचरू होता. तो सासऱ्याच्या घरी राहायचा म्हणून काकासाहेबांनी भावकीच्या बैठकीत त्याला कधी तोंड उघडू दिलं नव्हतं. "घरजावयाचं काय ऐकायचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गठ्ठा सोडला, टाळ्या झाल्या. दैवशालेनं माईक हातात घेतला. "पहिलं पान काकांनी स्वतः वाचावं. तो मान त्यांचा."

काकासाहेबांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि अर्थाकडं लक्ष न देता खणखणीत आवाजात सुरुवात केली. "आपल्या घराण्याची मूळ कर्ती बाई बायजाबाई. तिचा नवरा कडूबा पहिल्याच पावसाळ्यात वारला. रान तोडलं, पिकवलं ते बायजाबाईनं. तिला मुलगा नव्हता. तिची जमीन तिची लेक सगुणा हिला आणि तिच्या..." पुढचा शब्द डोळ्यांनी वाचला होता, तोंडातून निघत नव्हता.

"तिच्या काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"वाचा ना काका," दैवशाला हळूच म्हणाली. "घरजावयाला मिळाली."

माईकनं तेही मंडपभर ऐकवलं. पहिला हसला तो कचरू. मग ओळीनं सगळेच.

"हे तू घातलं!" काकासाहेबांचं तोंड काळंनिळं झालं होतं.

"मी न्हाई घातलं. कागदाचा फोटो छापलाय, शिक्क्यासगट. दुसऱ्या कुणाकडून बी वाचून घ्या."

तेवढ्यात बायकांतून काकासाहेबांची थोरली लेक वंदना उभी राहिली. माहेरी आली की स्वयंपाकघराबाहेर तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता.

"अप्पा, जमीन लेकीचीच व्हती, तर मंग माझ्याकडून हक्कसोड कशापायी लिहून घेतलं?"

चष्मा न काढताच काकासाहेब मंचावरून उतरले. उतरताना त्यांचा तोल गेला. सावरायला कुणी पुढं झालं नाही. दैवशाला दोन हातांवर होती. तिनं नुसतं पाहिलं.

त्यांचा मुलगा हरिओम पुस्तकं गोळा करायला धावला, तोवर गठ्ठे रिकामे झाले होते. बायकांनी ओटीच्या पिशव्यांत घातली होती, आणि मागितलं तर एकही देईना.

बदला झाल्यावर आपलं मन रितं होईल, असं दैवशालेला अधूनमधून वाटायचं. तसलं काही झालं नाही. परतीच्या एसटीत तिला सणकून भूक लागली. भोकरदनच्या स्टँडवर मायलेकींनी गरम भजी खाल्ली आणि पुन्हा एक प्लेट मागवली.

दिवाळीनंतर वंदनानं वाटणीचा दावा लावला. साक्षीदारांत पहिलं नाव दैवशालेचं, दुसरं नंदाबाईचं. तारखेच्या आधी हरिओम मस्तगडला आला. उभ्या उभ्याच म्हणाला, "काकू, अप्पा म्हणतेत, दोन एकर तुमच्या नावानं करून देतो. जल्दी मिटवून टाका. साक्षीला नका येऊ."

नंदाबाई निवांत लसूण सोलत होती. "कुठली दोन एकर?"

"माळाची."

"अन् विहिरीजवळची?"

हरिओम दाराकडं वळला.

"त्याला सांग," नंदाबाई म्हणाली, "मी तारखेला येऊन राह्यले. पुढच्या बी. अन् त्याच्या पुढच्या बी."

हरिओम जिना उतरून गेला. दैवशालेनं कॅलेंडर काढलं आणि तारखेभोवती लाल पेनानं गोल केला.