नवरदेवाची तपासणी

गायी वांझ झाल्या हे घरात ठरलं जेवताना, आणि ठरवलं कुणी, तर ज्याला गाय माजावर आलेली आजवर एकदाही ओळखता आली नव्हती त्याने.

"अकराच्या अकरा उलटल्या, वहिनी," धाकटा दीर म्हणाला. "वळू दाखवला की तीन आठवड्यांनी परत माजावर. परत वळू, परत माज. एक म्हणून गाभण नाही. दम संपला त्यांचा. परवा गाडी बोलावलीय. विकून टाकू आणि नव्या आणू."

थोरलीच्या हातातला घास हातातच राहिला. मालकी घराची असेल, पण हा कळप तिने घडवला होता. एका गायीपासून सुरुवात केली होती तिने. कुणाची कालवड ठेवायची, कुणाची द्यायची, कुठल्या वळूचं रक्त घ्यायचं, हे वर्षानुवर्षं तीच ठरवत आली होती. दूध डोळे फिरतील असं नव्हतं, पण गायी शांत, खूर मजबूत, आणि दर वर्षी बिनबोभाट वासरू. नवरा परगावी नोकरीला. फोनवर तो एवढंच म्हणाला होता, "तुम्ही दोघं बघून घ्या." म्हणजे अंग काढून घेतलं.

"गेल्या वर्षापर्यंत सगळ्या वेळेवर व्यायल्या, भाऊजी. आणि यंदा अकरा जणींचा दम एकदम संपला?"

"मग काय माझ्या वळूचा संपला?"

"हो. तेच म्हणतेय मी."

सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "थोरले, उगाच त्याच्या वाटेला जाऊ नकोस. प्रदर्शनात पहिला आलाय तो."

आला होता खरा. दिराने तो प्रदर्शनातूनच आणला होता. काळाभोर, चकचकीत, छाती अशी की दारातून आत येताना चौकटीने अंग चोरावं. त्याच्यासाठी वेगळा खुराक, वेगळं फडकं, उन्हात जायचं नाही, चालायचं नाही, रंग उतरेल. गोठ्यातला गडी त्याला नवरदेव म्हणायचा. गायींना जे मिळेल ते, आणि नवरदेवाला दोन्ही वेळा धान्य.

जगाची रीतच ही. पाळणा हलला नाही की आधी बाईची नाडी बघायची, तिला औषधं पाजायची, टोमणे मारायचे, जमलं तर घालवून द्यायची. पुरुषाची तपासणी करा म्हटलं की सात पिढ्यांची अब्रू जाते. गोठ्यात तरी शहाणपण असेल असं वाटतं, पण गोठाही माणसंच चालवतात. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर नाचणाऱ्याला बक्षीसही मिळालेलं.

"उद्या डॉक्टरीणबाईंना बोलावते," थोरली म्हणाली. "वळू तपासू दे. पास झाला तर गायी मी स्वतः गाडीत चढवते. एकही शब्द बोलणार नाही."

"तू? आणि शब्द बोलणार नाहीस?" सासूबाई म्हणाल्या. "तेवढ्यासाठी तरी तपासा."

डॉक्टरीणबाई सकाळीच आल्या. नवरदेवाला खोड्यात घेतला. आधी दात, डोळे, पाय, खूर पाहिले. दीर शेजारी उभा राहून प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होता, जणू त्याचंच कौतुक चाललंय. मग बाईंनी मागे जाऊन टेप काढली आणि अंडकोशाभोवती गुंडाळली. दिराची मान थांबली.

"या वयाला कमी भरतो," त्या म्हणाल्या. "आणि वर हात लावून बघा. ही जागा मनगटासारखी बारीक हवी. इथे उशी झालीय. चरबी आहे नुसती."

"तब्येत आहे ती, बाई."

"दादा, हा अवयव अंगाबाहेर लोंबतो तो शोभेला नाही. गार राहायला. तुम्ही त्याला बारा महिने रजई पांघरलीय."

गडी हसला आणि बादली उचलून निघून गेला.

नमुना घेतल्यावर बाईंनी नळी चटकन काखेत धरली. गार झालं तर चांगलं वीर्यही मेल्यासारखं दिसतं, म्हणाल्या, आणि मला उगाच कुणाची बदनामी करायची नाही. काचही कोमट करून घेतली. मग अंगणातल्या टेबलावर सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहत राहिल्या. थोरली हिंमत करून बोलून बसली होती खरी, पण वळू धड निघाला तर? उद्या गाडी येणार, आणि दिलेल्या शब्दापायी अकरा जणींची दावी तिलाच सोडावी लागणार.

"या, बघा," बाई म्हणाल्या. "दादा, आधी तुम्ही."

दिराने एक डोळा मिटून पाहिलं. "हलतोय! एक हलतोय की!"

"तो एकटाच हलतोय. चांगल्या नमुन्यात गर्दी दिसते, आभाळात ढग उसळावेत तशी. इथे निम्मे मेलेत, उरलेल्यांच्या शेपट्या वाकड्या."

दीर डोळा लावूनच राहिला. चेहरा कुठे लपवायचा हे न कळल्यावर माणूस असा यंत्रात डोकं घालून बसतो.

"छाती तरी वासरांत उतरली असती ना, बाई?" शेवटी तो पुटपुटला.

"छाती खुराकाची आहे, दादा. खुराक रक्तातून उतरत नाही. धान्य बंद करा, रोज चालवा. बीज नवं तयार व्हायला दोन महिने लागतात. मग पुन्हा तपासू. सुधारेल कदाचित, खात्री देत नाही."

दीर गोठ्यामागे गेला. तिथून त्याचा फोनवरचा आवाज आला. "गाडी नको... नाही, गायी ठीक आहेत... अरे ठीक आहेत म्हणतो ना! का म्हणजे? तुला काय करायचंय?"

तोवर या दोघी गोठ्यात शिरल्या. गायी आतून तपासल्या, एकीतही खोट नव्हती. आता कृत्रिम रेतनासाठी कुठल्या वळूच्या वीर्याच्या कांड्या घ्यायच्या यावर बोलणं आलं. बाईंनी एक नामांकित वळू सुचवला, त्याच्या लेकी भरपूर दूध देतात म्हणे.

"तो नको," थोरली म्हणाली. "इथल्या चौघींचा बाप तोच आहे. लेकींवर बाप नको. दुसरा सांगा. आणि दूध नंतर, आधी सांगा त्याच्या आईने वेतं किती दिली? त्याच्या लेकी वेळेवर गाभण राहतात का?"

बाईंनी दुसरा सांगितला. फोटोत दिसायला सुमार, तोंड लांबट. थोरलीने फोटो बाजूला केला आणि बाकीचं दोनदा विचारून घेतलं.

मग रोज संध्याकाळी एक मिरवणूक निघू लागली. पुढे नवरदेव, मागे धापा टाकणारा दीर. वळूला चालायची सवय नव्हती आणि दिरालाही. दोघांची पोटं बरोबरच उतरू लागली. सासूबाई ओट्यावरून म्हणायच्या, "कोण कुणाला फिरवतंय तेवढं कळू दे."

गायी जशा माजावर आल्या तसं एकेकीला रेतन झालं. तीनेक महिन्यांनी डॉक्टरीणबाई खांद्यापर्यंत हातमोजा चढवून एकेका गायीमागे उभ्या राहिल्या. "आहे," पहिलीला म्हणाल्या. दुसरीला, "आहे." तिसरीला मान हलवली, नाही. थोरली गायींच्या तोंडाशी उभी होती. शेवटाला हिशेब लागला, आठ गाभण.

"आठच?" दीर म्हणाला. "मग त्या तिघी..." आणि त्याची नजर थोरलीकडे गेली.

"बोला भाऊजी, बोला."

त्याने घसा खाकरला. "तिघींना पुढच्या माजाला पुन्हा बघू. एका फटक्यात सगळ्याच कशा राहतील? घाई काय आहे?"

"आणि तुमचा नवरदेव?"

"तोही बरा आहे. परवाच्या तपासणीत ढग दिसले थोडे." हे मात्र तो छाती काढून बोलला. "पण यंदा राहू दे. तुझ्या लांबतोंड्याची वासरं येऊ देत आधी."

मग थोरली म्हणाली, "मी सांगितलं होतं." जेवताना पुन्हा म्हणाली. भाजी वाढताना आणखी एकदा. शहाणे सांगतात, जिंकलेल्याने गप्प राहावं. ज्यांचं बोलणं पहिल्याच वेळी ऐकलं जातं, त्यांना परवडतं ते.

"पुरे की आता, थोरले," सासूबाई हसत म्हणाल्या.

"पुरे कसं? आज तर सुरुवात केलीय," थोरली म्हणाली आणि तिने दिराच्या ताटात न विचारता आणखी वाढलं.